रेंज फुल्ल, नेट गुल: घर आणि छोट्या ऑफिससाठी ॲक्सेस पॉइंट कोणता, कुठे, कसा?

दुमजली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आमचं खाली ऑफिस, वर घर. खाली नऊ जण बसतो, वर घरातले चौघे. फायबरचा डबा (राउटर आणि वायफाय त्यातच) खालच्या पुढच्या खोलीत, कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटावर आहे. प्लॅन ३०० एमबीपीएसचा. डब्याशेजारी बसलं की २८० पर्यंत मिळतात, तक्रार नाही. वरच्या मागच्या खोलीत मात्र व्हिडिओ कॉल म्हणजे समोरच्याचा गोठलेला चेहरा बघत बसणं.

मागच्या महिन्यात जिन्यात एक एक्स्टेंडर (वायफाय पुढे ढकलणारी डबी) लावला. आता वर सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, पण नेट ३५-४०. शिवाय बोलत बोलत जिना चढलो की कॉल तुटतो.

तिघांनी तीन सल्ले दिलेत. एक म्हणतो मेशचा, म्हणजे आपसात बोलून वायफाय पसरवणाऱ्या तीन डब्यांचा संच घे, दुसरा म्हणतो छताला ॲक्सेस पॉइंट (राउटरला तारेने जोडलेला, नुसतं वायफाय देणारा डबा) लाव, तिसरा म्हणतो आठ अँटेनांचा राउटर घे आणि विसरून जा. त्यात वायफाय ६ की ७ हा घोळ आहेच. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

तारवाला

मॉडेलचं नंतर बघू. आधी एवढंच सांगा, डब्यापासून वरच्या मजल्यापर्यंत तार जाऊ शकते का? याचं उत्तर 'हो' असेल तर तुमचा प्रश्न सोपा आहे, 'नाही' असेल तर अवघड.

त्या काड्यांवर जाऊ नका. काड्या फोन आणि एक्स्टेंडर यांच्यातल्या आहेत. एक्स्टेंडर आणि डबा यांच्यात काय चाललंय ते फोनला कळतच नाही. त्यात तुमचा एक्स्टेंडर स्वस्तातला, एकाच रेडिओचा असेल तर तो आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो, त्याच चॅनलवर. तिथेच वेग निम्मा झाला. आणि तो जिन्यात आहे, म्हणजे त्याला स्वतःलाच धड ऐकू येत नसणार.

आठ अँटेनांच्या राउटरबद्दल: राउटर कितीही मोठ्याने ओरडला तरी फोनचा आवाज फोनएवढाच राहतो. वायफाय म्हणजे भाषण नाही, संभाषण आहे. फोनचं उत्तर परत पोचलं नाही तर राउटर तेच पुन्हा पाठवत बसतो. शिवाय किती जोरात ओरडायचं याला कायद्याची मर्यादा असते, ती आठ अँटेनांनाही लागू आहे.

कानोसा

तारवाल्यांना +१, पण खरेदीआधी एक काम करा, फुकट आहे. फोनवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं एखादं ॲप घ्या. काड्यांऐवजी डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप) आकडा दाखवणारं हवं. एक्स्टेंडर बंद करा आणि घरभर फिरून प्रत्येक खोलीतला आकडा कागदावर लिहा.

आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. डब्याला फोन टेकवलात तर −३० च्या आसपास दिसेल. कॉल आणि व्हिडिओसाठी −६७ किंवा त्याहून बरा लागतो, −७० पलीकडे कुरकुर सुरू होते, −८० ला नुसतं नाव दिसतं. ही मोजपट्टी साध्या पट्टीसारखी नाही हे लक्षात ठेवा. ३ डीबी कमी म्हणजे ताकद निम्मी, १० डीबी कमी म्हणजे एकदशांश. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात. भिंत, स्लॅब, आरसा यांचा हिशेब त्यावर.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन पट्ट्यांचे आकडे वेगवेगळे लिहा. दोन्हींना एकच नाव दिलेलं असेल तर मोजण्यापुरती नावं वेगळी करा.

आणि तो डबा आधी लोखंडी कपाटावरून खाली घ्या हो! पाठीला लोखंड आणि कोपऱ्याची जागा, म्हणजे अर्धं वायफाय तुम्ही भिंतीपलीकडच्या रस्त्याला वाटताय.

वाचूआनंदे

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हेच रडगाणं आहे.

दुमजली

एवढ्या पटकन उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. आभार.

मोजलं. डबा कपाटावर असताना वरच्या मागच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ −८१, २.४ वर −७२. मग डबा कपाटावरून काढून शेजारच्या भिंतीला, डोक्याच्या उंचीवर टांगला. आता −७५ आणि −६७. एक पैसा खर्च न करता सहा डीबी! बायको म्हणते, हे पाच वर्षांपूर्वी करता आलं असतं.

खालीही एक गंमत दिसली. डब्यापासून चार हातांवर बसणाऱ्यांचं २.४ रडतं, ५ छान चालतं. इतक्या जवळ असून असं का?

तारेचं म्हणाल तर जुन्या टेलिफोनचा पाइप खालून वरच्या पॅसेजपर्यंत जातो. आत एक मेलेली तार आहे.

कानोसा

डब्याच्या यूएसबीला काही जोडलंय का?

दुमजली

हो, बॅकअपची हार्ड डिस्क. तुम्हाला कसं कळलं?

कानोसा

यूएसबी ३.० चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक टिपणच काढलं होतं. शील्डिंग नसलेली केबल किंवा डिस्क अँटेनाच्या शेजारी असली की वायरलेस माउसही अडखळतात. डिस्क लांब न्या, नाहीतर एखाद्या पीसीला जोडा.

तारवाला

पाइप आहे म्हणजे अर्धी लढाई जिंकलात. ती मेलेली तार ओढून फेकू नका. तिच्याच शेपटाला नवी केबल आणि एक नायलॉनची दोरी बांधा आणि वरून हळूहळू ओढा. दोरी पाइपमध्येच राहू द्या, पुढच्या वेळी देवासारखी कामाला येते.

केबल कॅट ६ घ्या, पूर्ण तांब्याची. 'सीसीए' लिहिलेली घेऊ नका. ती ॲल्युमिनियमची असते, वर तांब्याचा नुसता मुलामा. डेटा रखडत जाईलही, पण आपण याच तारेतून वीज पाठवणार आहोत. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, तार तापते, लांबच्या टोकाला व्होल्टेज पडतं. हातात घेऊन वजन बघा, खोटी केबल हलकी लागते. टोकाला ब्लेडने खरवडलं की आतून रुपेरी दिसते.

पाइपमध्ये जागा असेल तर एकाऐवजी दोन तारा ओढा. कष्ट तेवढेच पडतात. कनेक्टर आधी लावू नका, पाइपच्या वळणात अडकेल. ओढून झाल्यावर क्रिम्प करा (पकडीने कनेक्टर दाबून बसवा), दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच, टी५६८बी. लांबीची मर्यादा १०० मीटर, तुमच्या घरात तिचा प्रश्न येत नाही. कॅट ६ वर १ गिगाबिट आरामात, २.५ आणि ५ पण जातात, आणि साधारण ५५ मीटरपर्यंत १० सुद्धा.

आता वीज. छतावर प्लग कुठून आणणार? म्हणून पीओई, डेटाच्याच तारेतून वीज. यात ३ पिढ्या आहेत: ८०२.३एएफ (२००३) पोर्टला १५.४ वॅट देतं, उपकरणापर्यंत १२.९५ खात्रीने पोचतात. ८०२.३एटी (२००९) ३० वॅट, टोकाला २५.५. आणि २०१८ चं ८०२.३बीटी, त्याहून बरंच जास्त. लहान ॲक्सेस पॉइंटना एएफ पुरतं, मोठ्यांना एटी लागतं. डब्यावर लिहिलेलं असतं, वाचा. स्विच घेताना पोर्ट मोजू नका, एकूण वॅट मोजा. आठ पोर्टच्या स्विचचं सगळं मिळून बजेट ६० वॅट असू शकतं.

एक धोका सांगून ठेवतो. 'पॅसिव्ह पीओई' नावाचा जुना प्रकार आहे, बहुधा २४ व्होल्टचा. तो न विचारता तारेत वीज सोडतो. खरा पीओई स्विच आधी पलीकडे कोण आहे ते चाचपतो आणि मगच वीज देतो. जुना पॅसिव्ह इंजेक्टर (तारेत वीज सोडणारी डबी) चुकून लॅपटॉपच्या पोर्टला लागला तर लॅपटॉपला रामराम.

जाळीदार

सगळे तार तार करताय म्हणून मेशची बाजू मांडतो. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नाही, पाइप नाहीत. तिथे काय करायचं? मी तीन वर्षं मेश वापरतोय, दुखणं नाही.

फक्त घेताना बघायचं की डब्या-डब्यांमधल्या गप्पांसाठी वेगळा रेडिओ आहे का. ट्राय-बँड म्हणतात ते. नसेल तर तारवाल्यांनी एक्स्टेंडरबद्दल सांगितलेलं सगळं मेशलाही लागू. दुसरी चूक हमखास होते: जिथे रेंज नाही तिथे लोक दुसरा डबा ठेवतात. तिथे त्या डब्यालाही रेंज नसते! तो मधे ठेवायचा, जिथे त्याला पहिल्याचं −६० च्या आसपास ऐकू येतंय. उपाशी माणसाला वाढपी करून काय उपयोग?

तारवाला

जाळीदार, मान्य. आणि बहुतेक मेश डब्यांना मागे इथरनेटचं पोर्ट असतं. तार मिळाली की ती लावा, मग तो मेश आणि आमचा ॲक्सेस पॉइंट यात फरक उरला तो आकाराचा.

जुनंतेसोनं

दुमजलीराव, माळ्यावर जुना राउटर पडलाय का? नवी खरेदी करण्याआधी त्यालाच ॲक्सेस पॉइंट करून बघा. डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटण्याचं काम) बंद करायचं, त्याला मुख्य राउटरच्या रांगेतला पण वेगळा पत्ता द्यायचा (मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२), आणि तार 'वॅन'मध्ये (बाहेरून नेट येतं ते पोर्ट) नाही, 'लॅन' (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टमध्ये. काही राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असं बटणच असतं, मग हे सगळं आपोआप होतं.

अवांतर: लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी, निळा-काळा, दोन शिंगांचा, आठवतोय का कुणाला? २००२ च्या शेवटी आला. आत लिनक्स निघालं, त्याचा सोर्स कंपनीला खुला करावा लागला, आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. माझ्याकडचा अजून चालू होतो. कामाला लावत नाही, नुसता दिवा बघतो.

कारकून

मी एका चौदा जणांच्या ऑफिसचं बघते, त्यामुळे खालच्या मजल्याबद्दल बोलते.

ऑफिसात प्रश्न रेंजचा नसतो, वेळेचा असतो. एका चॅनलवर एका क्षणी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. −८० वर लटकलेला एक जुना लॅपटॉप तीच फाइल खाली उतरवायला दहापट वेळ खातो आणि तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात. त्यामुळे "एवढीशी जागा, एक पुरे" असं म्हणण्यापूर्वी किती उपकरणं आहेत ते मोजा. माणसं नऊ, पण फोन, लॅपटॉप, प्रिंटर, कॅमेरे धरून पंचवीस सहज होतात.

वायफायची नावं वाटेल तेवढी काढू नका. आमच्याकडे पूर्वी सात होती: साहेब, हिशेब, पाहुणे, कॅमेरे, आणखी कुठली कुठली. प्रत्येक नावासाठी प्रत्येक ॲक्सेस पॉइंट सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे' अशी हाळी देतो, तीही सगळ्यात मंद वेगात. नुसत्या हाळ्यांनीच चॅनल भरतो. आता तीन आहेत. कामाचं, पाहुण्यांचं, आणि बिनडोक यंत्रांचं.

पाहुण्यांचं वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरचं वेगळं केलेलं नेटवर्क) टाका, म्हणजे त्यांना नेट मिळेल पण तुमचा प्रिंटर आणि फाइलसर्व्हर दिसणार नाही. 'क्लायंट आयसोलेशन' (उपकरणांना एकमेकांपासून तोडणारं सेटिंग) मात्र फक्त पाहुण्यांच्या नावाला लावा. मी एकदा कामाच्या नावालाही लावलं आणि दिवसभर सगळे मला विचारत होते, प्रिंटर कुठे गेला.

दुमजली

कारकूनताई, मोजली. खाली २३ उपकरणं, वर ११.

मग ठरवलंय: वरच्या पॅसेजच्या छताला एक, खालच्या ऑफिसच्या मधल्या छताला एक, दोन्ही पीओईवर. माळ्यावरचा जुना राउटर मागच्या गोदामात, ॲक्सेस पॉइंट म्हणून. डब्यातलं वायफाय बंद. बरोबर आहे का? आणि ६ की ७?

कानोसा

बरोबर. दोन एपी (ॲक्सेस पॉइंट) एकमेकांच्या डोक्यावर नेमके येऊ देऊ नका, थोडे तिरपे ठेवा. छताचे एपी बशीसारखे असतात, त्यांचा रोख खाली आणि बाजूंना असतो. तोच एपी उभ्या भिंतीला लावलात तर बशी आडवी व्हायची ती उभी होते, आणि अर्धा प्रसाद भिंतीपलीकडे जातो. भोकं पाडण्याआधी एपी शिडीच्या टोकाला बांधून उभा करा आणि पुन्हा मोजून घ्या. हसण्यावारी नेऊ नका, मोठ्या इमारतींची पाहणी करणारेही हेच करतात.

६ की ७: वायफाय ५ (८०२.११एसी) २०१३ चं, फक्त ५ गिगाहर्ट्झवर. वायफाय ६ (८०२.११एएक्स) २०२१ चं, २.४ आणि ५ दोन्हींवर, गर्दीत एकाच वेळी अनेकांना थोडं थोडं वाढता येतं. ६ई म्हणजे तेच, वर ६ गिगाहर्ट्झचा नवा पट्टा. तो किती खुला आहे ते देशादेशानुसार बदलतं. वायफाय ७ ची प्रमाणपत्रं जानेवारी २०२४ पासून मिळू लागली. त्याचा ३२० मेगाहर्ट्झचा रुंद रस्ता ६ गिगाहर्ट्झमध्येच आहे.

खोक्यावरच्या आकड्यांचं काय करायचं? सगळ्या रेडिओंच्या वेगांची ती बेरीज असते. तुमचा फोन एका वेळी दोन अँटेनांनी बोलतो. वायफाय ६ वर ८० मेगाहर्ट्झमध्ये त्याचा जोडणीचा वेग १२०१ एमबीपीएस होतो, आणि हातात पडतात त्यातले निम्म्याच्या थोडे वर. तुमचा प्लॅन ३०० चा. साधा दोन-बाय-दोनचा वायफाय ६ पुरून उरेल. उरलेल्या पैशांची केबल घ्या.

जाळीदार

वायफाय ७ वर बोळा फिरवलात की! सहा-सात वर्षं वापरायचं असेल तर आज ७ घेण्यात काय चूक आहे?

कानोसा

चूक काही नाही. त्या सहा वर्षांत एपी बदलणं म्हणजे एक टोपण काढून दुसरं लावणं. भिंतीतली तार बदलणं म्हणजे घर उकरणं. खर्च कुठे करायचा ते त्यावरून ठरवा.

भोळाप्रश्न

हे 'कंट्रोलर' काय प्रकरण आहे? तो बंद पडला तर वायफाय बंद का?

कारकून

सगळे एपी एका जागेवरून चालवण्याचं सॉफ्टवेअर. युबिक्विटीचं युनिफाय, टीपी-लिंकचं ओमाडा वगैरे. पीसीवर, छोट्या डबीवर किंवा क्लाउडवर चालतं. या दोन्हींत एकदा सेटिंग एपीमध्ये गेलं की कंट्रोलर बंद असला तरी वायफाय चालू राहतं. फक्त पाहुण्यांचं लॉगिन-पान आणि इतिहासाचे आलेख थांबतात. दोन एपींपुरतं फोनवरच्या ॲपनेही भागतं.

दुमजली

मंडळी, वाचवा. काल संध्याकाळी सगळं लावलं, झकास चाललं. आज सकाळी ऑफिसात अर्ध्या लोकांना नेट आहे, अर्ध्यांना 'कनेक्टेड, इंटरनेट नाही'. मशीन बंद-चालू केलं की कधी मिळतं, कधी नाही. वरच्या एपीवर नेट आहे, पण स्पीड टेस्ट ९४ च्या वर हलत नाही.

तारवाला

दोन वेगळे आजार आहेत. ९४ आधी घेतो. ९४ हा आकडा दिसला की वायफायकडे बघायचंच नाही, थेट कनेक्टरकडे जायचं. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एखादी तार कनेक्टरमध्ये नीट बसली नाही की यंत्रं मुकाट १०० वर उतरतात, आणि १०० मधून हातात येतात ते ९४. वरचं टोक कापा, नवीन क्रिम्प करा.

जुनंतेसोनं

आणि पहिला आजार माझ्या ओळखीचा आहे. नेट नसलेल्या मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवा आणि गेटवे (मशीन ज्याच्यातून बाहेर जातं त्या राउटरचा पत्ता) काय दिसतो ते इथे लिहा.

दुमजली

१९२.१६८.०.१. नेट असलेल्यांना १९२.१६८.१.१.

जुनंतेसोनं

तुमच्या गोदामातला सोन्या पत्ते वाटतोय. डीएचसीपी बंद केलं होतं ना?

दुमजली

केलं होतं. मग पासवर्ड आठवेना म्हणून रीसेट केला. मग...

जुनंतेसोनं

मग ते पुन्हा चालू झालं. एका नेटवर्कात दोन पत्तेवाले, जो आधी बोलेल त्याचं मशीन. सोन्या नेटला जोडलेलाच नाही, त्यामुळे त्याचा पत्ता मिळालेले सगळे अंधारात. डीएचसीपी बंद करा, मशीनं एकदा वायफायवरून काढून परत जोडा.

दुमजली

दंडवत घ्या. दोन्ही जमलं. कनेक्टरमध्ये तपकिरी जोडीतली एक तार अर्धवट होती. वर आता २८५.

आता उरलेली दोन गाऱ्हाणी. एक, खालच्या मजल्यावरून लॅपटॉप वर नेला तरी तो खालच्याच एपीला चिकटून बसतो, −७६ झालं तरी सोडत नाही. दोन, एपी रीस्टार्ट केला की २.४ लगेच दिसतं, ५ गिगाहर्ट्झ मिनिटभर गायब.

कानोसा

दुसरं आधी, ते सोपं आहे. ऑटो चॅनलने तुम्हाला ५२ ते ६४ पैकी काहीतरी दिलं असणार. हा पट्टा रडारांचाही आहे. एपीने तिथे बोलण्याआधी किमान ६० सेकंद कान देऊन ऐकायचं असतं, रडार नाही ना म्हणून. पुढे कधी रडार ऐकू आलं तर त्याला तिथून निघावं लागतं. विमानतळ किंवा हवामानाचं रडार जवळ नसेल तर हे चॅनल चांगले, गर्दी कमी असते. मिनिटभर थांबणं नको असेल तर ३६ ते ४८ वापरा.

पहिलं गाऱ्हाणं जुनं आहे. कुठला एपी धरायचा हे एपी ठरवत नाही, उपकरण ठरवतं. ॲपलच्या कागदपत्रांत लिहिलंय, आयफोन −७० च्या खाली गेल्यावर दुसरा शोधायला लागतो, मॅक तर −७५ पर्यंत धीर धरतो. आपल्या हातात एवढंच, की खालच्याचा आवाज वर नको तितका पोचू नये. दोन्ही एपींची ताकद 'हाय'वर असेल, ती कमी करा. २.४ ची ५ पेक्षा आणखी कमी, कारण ते भिंतीतून जास्त शिरतं.

ताकद कमी केली की वायफाय सुधारतं यावर कुणाचा विश्वास बसत नाही. करून बघा.

८०२.११के आणि व्ही चालू ठेवा, ते उपकरणाला शेजारच्या एपीची यादी आणि सूचना देतात. 'आर' ने हस्तांतर जलद होतं, पण काही जुने प्रिंटर आणि स्कॅनर त्याने गोंधळतात, म्हणून तो शेवटी चालू करा. तिन्ही एपींना नाव, पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार अक्षरशः एकच हवा.

२.४ वर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, चॅनल १, ६, ११ यांतलेच, एकेका एपीला एकेक. ३ किंवा ८ रिकामा दिसतो म्हणून तिथे जाऊ नका, दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचं भांडण ऐकत बसाल. ५ वर आजूबाजूला गर्दी असेल तर ४० रुंदी, नसेल तर ८०.

भोळाप्रश्न

सुरक्षेचं कुणी बोललंच नाही. नाव लपवलं आणि मॅक फिल्टर (ठरावीक उपकरणांच्या हार्डवेअर पत्त्यांनाच आत घेणारा) लावला की झालं ना?

कारकून

दोन्हींचा उपयोग नाही. नाव लपवलंत तर तुमचे फोनच जिथे जाल तिथे ते नाव पुकारत हिंडतात. मॅक फिल्टरचं म्हणाल तर अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट पत्ता दाखवतात.

सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा, लांब पासवर्ड ठेवा. ६ गिगाहर्ट्झवर तर डब्ल्यूपीए२ चालतच नाही. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो हे २०११ मध्येच उघड झालं, म्हणजे दहा कोटींऐवजी जेमतेम अकरा हजार प्रयत्न पुरतात. आणि एपींचा ॲडमिन पासवर्ड बदला. रीसेट न करता लक्षात राहील असा.

दुमजली

शेवटचा टोला समजला. :)

आठवडाभर चालवून आलोय. वरची मागची खोली ५ गिगाहर्ट्झवर −५९, स्पीड २८०. ताकद कमी केल्यावर लॅपटॉप जिन्याच्या वळणावर एपी बदलतो, कॉलमध्ये आवाज किंचित चिरकतो पण तुटत नाही. पाहुण्यांचं नाव वेगळं झालं. एक्स्टेंडर काढून ठेवला. केबलचा दोर पाइपमध्ये शिल्लक आहे, तारवाल्यांनी नोंद घ्यावी.

एकच राहिलंय. खालचा प्रिंटर रोज सकाळी वायफायवरून गायब असतो, बटण दाबून उठवावा लागतो. 'आर' बंदच आहे. २.४ चंच नाव दिलंय. फर्मवेअरही बघितलं.

तारवाला

प्रिंटरच्या मागे इथरनेटचं पोर्ट आहे का? आणि स्विच त्याच्यापासून किती लांब आहे?

दुमजली

पोर्ट आहे. स्विच दोन हातांवर.

...जोडली तार.